हिरामची जागा

हॅगर बेट,
ता. ५ सप्टेंबर १९७२

चि. सीफस, म्हणजे माझा शॅड, यास आत्याचे पोटातून आशीर्वाद. वि. वि.

तू कॉलेजात सुखरूप पोचलास हे मला बोटवाल्या अब्रामकडून कळलं. तुला दोन ओळी खरडायला काय धाड भरली होती? तुमची आई तुम्हा दोघा भावांना माझ्या पदरात टाकून गेली तेव्हा हिराम नुकता चालायला लागला होता आणि तू पाळण्यात होतास. फॅक्टरीत शिंपले सोलून सोलून माझ्या बोटांची सालं गेली ती तुम्हाला शिकवण्यासाठी. आता एक मातीत गेला आणि दुसऱ्याला पोस्टाचं तिकीट मिळत नाही.

हिरामचा कप, दाढीचा आरसा आणि सुट्टीत आला की पेटवायचा तो कंदील मी फोडून त्याच्या मातीवर ठेवला आहे. खेळायचे बूट तुमच्या कॉलेजने ट्रंकेतून पाठवले, त्यांचे तळ कापून तेही ठेवले. ही रीत तुला ठाऊक आहे, पण कॉलेजात गेल्यापासून तुम्हा पोरांना आपल्या रीतींची लाज वाटते, म्हणून पुन्हा लिहिते. गेलेल्या माणसाने शेवटी जे हाताळलं ते फोडून त्याच्याजवळ ठेवायचं. ठेवलं नाही तर तो ते मागायला येतो. ट्रंकेत बायबल होतं, शर्ट होते, आंघोळीचा टॉवेलसुद्धा होता. फुटबॉल खेळताना घालायचं हेल्मेट तेवढं नव्हतं. पोरगा उन्हात कोसळला तेव्हा ते त्याच्या डोक्यावर होतं. ते मला पाठवून दे.

चर्चचा डीकन टोबायस तुझी चौकशी करतो. भेंडी यंदा भरपूर आली आणि खायला कोणी नाही.

माया आहे, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
इव्हलिना आत्या

---

हॉलोवे कॉलेज,
ता. १८ सप्टेंबर १९७२

ती. आत्यास सीफसचा सा. न. वि. वि.

कान धरतो, लांबून का होईना. पत्र लिहायला बसलो की काय लिहावं ते सुचत नाही, कारण सगळं हिरामपाशीच जातं.

शनिवारी मोसमातला पहिला सामना झाला. कोच रिव्हर्सनी ठरवलं होतं की समोरच्यांच्या हाती बॉल असेल तेव्हा पहिल्या खेळीला आपण अकराऐवजी दहाच जण उतरायचं. बचावाच्या फळीत डाव्या टोकाला हिराम असायचा. ती जागा मोकळी ठेवायची. सामन्याआधी थर्मनने, म्हणजे आमच्या कप्तानाने, हिरामचं हेल्मेट काखेत धरून मैदानाच्या मधोमध नेलं आणि नाणेफेक होईपर्यंत तसाच उभा राहिला. आमचा बँड कधी गप्प बसत नाही, तो गप्प बसला होता.

मग खेळ सुरू झाला. समोरच्यांनी मोकळी जागा हेरली आणि त्यांचा बॉल घेऊन पळणारा गडी सरळ तिथूनच घुसला. मी शेजारीच होतो, पण माझा हात त्याला लागला नाही. आत्या, तो धावता धावता दारावर आपटावा तसा थांबला आणि उताणा पडला. लोक म्हणाले घसरला. गवत कोरडं ठणठणीत होतं. तो पोरगा उठला, त्याने त्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून निघून गेला. सामना आम्ही जिंकला.

हेल्मेट मिळणार नाही. ते काचेच्या कपाटात ठेवलंय आणि दर सामन्याला बाहेर निघणार आहे. हिरामचा कपड्यांचा खणही होता तसाच ठेवलाय, तिथे रोज कुणीतरी ताजा टॉवेल टांगतं. हा त्याचा मान आहे, पोरं मनापासून करतात. मोसम संपेपर्यंत तू धीर धर.

भेंडी वाळवून ठेव. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
सीफस

---

हॅगर बेट,
ता. २५ सप्टेंबर १९७२

चि. शॅड यास आशीर्वाद, रागाने दिले तरी आशीर्वादच. वि. वि.

मान म्हणे! जागा मोकळी ठेवली, टॉवेल टांगला, टोपी उचलून गावभर दाखवली. अरे, आपल्याकडे याला बोलावणं म्हणतात. आता नुसतं दार उघडून या बसा म्हणायचं राहिलं. आपल्यात कुणी गेलं की त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवतात, ती काय जमीन झाडायला सोपं जावं म्हणून?

तुमचे कोच चांगले असतील, पण हिराम त्यांच्याकडे धडधाकट गेला होता आणि मला पेटीतून परत मिळाला. त्यांनी मला मान शिकवू नये. मला त्यांचं काही नको. माझं हेल्मेट हवं.

तुझं पत्र मी डीकन टोबायसला वाचून दाखवलं. तो पळणारा उताणा पडला इथवर आल्यावर त्याने ते पुन्हा वाचायला सांगितलं. मग बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि चहा न घेता घरी गेला. टोबायसने माझ्याकडचा चहा सोडल्याचं मला आठवत नाही.

तू नीट जेवत नाहीस असं तुझ्या अक्षरावरून दिसतं. या असल्या अक्षरात माझ्या घरचा माणूस पत्र लिहीत नाही.

लोभ धरून ठेव, आणि हेल्मेट सोडव.

तुझी,
आत्या

---

हॉलोवे कॉलेज,
ता. ९ ऑक्टोबर १९७२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुला एक सांगायचं आहे. आधी नाही म्हणू नकोस, पूर्ण वाच.

आम्ही एकही सामना हरलेलो नाही. पण दर सामन्यात आम्हाला दंड बसतो, मैदानावर बारा माणसं असल्याचा. कोच कडेला उभे राहून मोजतात तर अकरा. थर्मन मोजतो तर अकरा. परवाचा पंच गावातल्या हायस्कुलात गणित शिकवतो. कोच त्याच्या अंगावर धावून गेले की पोरांना काय शिकवता हो, बोटं कमी पडत असतील तर माझी घ्या. तो बिचारा शांतपणे म्हणाला की मी पुन्हा पुन्हा मोजलं, तुम्ही फिल्म बघा. आज फिल्म लावली. फिल्ममध्ये अकराच होते. थर्मनने त्या मास्तरच्या वर्गाची यथेच्छ टिंगल केली आणि सगळे हसले. मला हसता आलं नाही.

कारण मला ठाऊक आहे, आत्या. पहिल्या खेळीनंतर हिरामच्या जागी मी सरकतो. मग माझ्या डावीकडे कोणी नसतं, नुसतं गवत आणि चुन्याची रेघ. मी वाकून हात टेकतो, आणि बॉल हलायच्या आधी डावीकडून आवाज येतो. शॅड, अजून खाली वाक. शॅड, आतल्या बाजूने येतोय. आणि पळणारा आतल्या बाजूनेच येतो. शॅड हे नाव इथे एकालाही ठाऊक नाही. मी जन्मलो तेव्हा नदीत शॅड मासे चढत होते आणि म्हणून घरात मला माशाच्या नावाने हाक मारतात, हे मी इथल्या पोरांना सांगेन होय? आयुष्यभर पुरेल एवढी थट्टा करतील.

मला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर फार आनंद झाला. ऑगस्टपासून माझ्या छातीवर जो दगड होता तो उतरला. आता मी आठवडाभर शनिवारची वाट बघतो. वर्तमानपत्रात माझं नाव आलं, कात्रण सोबत जोडलं आहे. हेल्मेट मागू नकोस. तो इथे बरा आहे, आणि मीही.

तुझा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
सीफस

---

हॅगर बेट,
ता. १४ ऑक्टोबर १९७२

चि. शॅड यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रडले. तुला वाटेल भीतीने रडले. तसं नाही, हेव्याने रडले. मी रोज फॅक्टरीतून परत येताना त्याच्या मातीपाशी थांबते, दिवसभराचं सगळं सांगते, आणि माझ्याशी तो एक शब्द बोललेला नाही. तुझ्याशी गप्पा मारतो! लहानपणीही असंच होतं. तुम्ही दोघे कुजबुजायचात आणि मी आले की गप्प.

पण आता आत्या म्हणून सांगते ते ऐक. मेलेल्याला बोलायला जिवंत माणसाचा श्वास लागतो, आणि तो तुझा वापरतो आहे. त्याला ते कळतही नसेल. तो तुला खाडीत पोहायला शिकवायचा ते आठवतं? तुला सोबत नेत नेत स्वतः खोल जायचा. आपले पाय टेकतात म्हणजे तुझेही टेकतात असं त्याला वाटायचं. मी काठावरून बोंबलले की मग वळायचा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आताही नसेल. पण आता मी काठावर नाही.

अब्रामबरोबर निळ्या रंगाचा डबा पाठवते आहे. खोलीच्या दाराला आणि खिडकीच्या चौकटीला लाव. कुणी हसलं तर म्हणावं आमच्या आत्याला डोकं नाही. त्याने आत येऊ नये एवढ्याचसाठी आहे. बाहेर भेटत असाल तर मी किती अडवणार?

कात्रण टोबायसने फ्रेम करून चर्चमध्ये लावायला मागितलं. मी दिलं नाही. ते मी उशीखाली ठेवलं आहे.

माया कर आणि पोटभर जेव.

तुझी,
आत्या

---

हॉलोवे कॉलेज,
ता. ३० ऑक्टोबर १९७२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

दार रंगवलं. थर्मन माझ्याच खोलीत असतो, तो म्हणाला की घरची एवढी आठवण येते तर समुद्रच का नाही मागवलास. नंतर त्याने आपण होऊन खिडकी रंगवली.

काय चाललंय ते नीट सांगतो. जेवणघरात मिस ओफेलिया वाढते. गेल्या आठवड्यात तिने माझ्यासमोर दोन ताटं ठेवली. मी म्हटलं की मी एकटाच आहे. ती म्हणाली, अरे, मागे उभा होता ना तो, मला वाटलं बरोबर आहे. मग तिच्या लक्षात आलं आणि ती आत निघून गेली. कोच मला हिराम म्हणून हाक मारायला लागलेत. त्यांचं मी मनावर घेतलं नाही, ते सगळ्यांची नावं चुकतात. पण इतिहासाच्या तासाला सरांनी हजेरीत हिरामचं नाव घेतलं आणि मी ओ दिली. चुकून दिली नाही, आत्या. ते मला माझंच नाव वाटलं.

माझा डावा हात गार पडला आहे. हातमोजा घातला तरी गार, गरम पाण्यात धरला तरी गार, आणि तळवा सदा घामाने ओला. आरशात बघतो तर मी ठीक दिसतो. पण मुलं हल्ली माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या जरा डावीकडे बघून बोलतात.

तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. मला आता भीती वाटते. आवाज अजून येतो, पण पूर्वीसारखा सांगत नाही, नुसता हाका मारतो. चल म्हणतो.

हेल्मेट पाठवतो आहे. थर्मनने कपाटाची किल्ली मिळवली आणि त्या जागी दुसरं हेल्मेट नंबर रंगवून ठेवलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो एवढंच म्हणाला की नाणेफेकीला नेताना ते हल्ली जड लागतं, आत डोकं असल्यासारखं. बसचा ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा आहे, तो धक्क्यावर अब्रामच्या हाती देईल. लवकर कर.

लोभाची आज फार गरज आहे.

तुझा,
सीफस

---

हॅगर बेट,
ता. ६ नोव्हेंबर १९७२

चि. शॅड यास पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हेल्मेट पोचलं. चुलीशेजारी ठेवलं तर मांजर घरात पाऊल टाकीना, म्हणून ओसरीत ठेवलं. सकाळी डीकन टोबायस आणि अब्राम आले आणि आम्ही मातीपाशी गेलो. अब्रामने कुऱ्हाड चालवली. एवढा बैलासारखा माणूस, पण त्या कवचाला नुसते ओरखडे पडले. कसलं प्लास्टिक करतात देव जाणे. मग मी म्हटलं दे इकडे. मी हिरामला समजावून सांगितलं की हे तुझंच आहे, तुझ्याचकडे पाठवते आहे, आडमुठेपणा करू नकोस. आणि घाव घातला. अंडं उकलावं तसं उकललं.

आतल्या पट्टीवर पांढरं मीठ सुकलेलं होतं, त्याच्या घामाचं. मी बोटाने पुसलं आणि जिभेला लावलं. आत्याला वेड लागलं असं म्हण हवं तर. टोबायसने तोंड फिरवलं आणि प्रार्थना सुरू केली.

तुकडे मी कपाजवळ आणि बुटांजवळ नीट मांडले. आता त्याचं काही तुमच्याकडे राहिलं नाही. पुढच्या पत्रात मला हे कळव की जेवणघरातल्या त्या बाईने एक ताट वाढलं आणि तू दोनदा मागून घेतलंस. तुझ्या हाताला लावायला तेल पाठवते आहे, वास घाण आहे पण गुण येतो.

माया असू दे.

तुझी,
आत्या

---

हॉलोवे कॉलेज,
ता. १३ नोव्हेंबर १९७२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आठवडाभर काही झालं नाही. मला वाटलं सुटलो. मग शनिवारी मैदानावर उतरलो, वाकून हात टेकला आणि तो तिथे होता. पंचाने बारा मोजले. आवाज आता माझ्या डावीकडून येत नाही, आतून येतो. सामना आम्ही मोठ्या फरकाने जिंकला आणि खेळातलं मला काहीच आठवत नाही. थर्मन म्हणतो की मी हुबेहूब हिरामसारखा खेळलो, त्याच्यासारखा एक खांदा पाडून चालत बाहेर आलो आणि त्याला म्हणालो की शॅडकडे लक्ष ठेव. मी असं म्हणालो, माझ्याच तोंडाने.

मी खूप विचार केला. त्या दिवशीचं तुला मी कधी सगळं सांगितलं नाही. सराव संपेपर्यंत पाणी प्यायचं नाही असा इथे नियम होता. सगळीकडेच असतो, त्याने पोरं कणखर होतात म्हणे. हिराम कोसळला तेव्हा हेल्मेट आम्ही तिथेच मैदानात काढलं. बूट थर्मनने काढले. गाडीत त्याच्याजवळ मी बसलो होतो. हॉस्पिटल लांब आहे. त्याला कसलीही शुद्ध नव्हती, पण त्याने माझा डावा हात धरला होता आणि धरूनच होता. तिथे पोचल्यावर नर्सने त्याचं एकेक बोट उकलून माझा हात सोडवला.

शेवटी जे हाताळलं ते, असं तू लिहिलं होतंस. ते हेल्मेट नव्हतं, आत्या. माझा हात होता.

शेवटचा सामना पंचवीस तारखेला आहे, अजिंक्यपदाचा. थर्मनला मी हे सांगितलं नाही, तूही डीकनला सांगू नकोस. तेल लावतो आहे. खोलीत सगळे नाक धरतात.

लोभ असू दे, कसाही असलो तरी.

तुझा,
सीफस

---

हॅगर बेट,
ता. १७ नोव्हेंबर १९७२

चि. शॅड यास, माझ्या शॅडला, आशीर्वाद.

पत्र वाचून दाराच्या उंबऱ्यावरच बसले. तू सांगू नको म्हटलंस तरी मी टोबायसला बोलावलं, कारण मला दुसरं कोण आहे? मी विचारलं की अशा वेळी काय करतात. तो म्हणाला की असं त्याने कधी पाहिलं नाही. मग त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. शेवटची वस्तू फोडून त्याच्याजवळ ठेवायची असते, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. चहा थंड झाला.

तो गेल्यावर मी मातीपाशी गेले. आजवर मी हिरामशी मऊ बोलत होते. त्या दिवशी मी इतकी ओरडले की बोटीतली माणसं वळून बघायला लागली. त्याला सांगितलं की देवाने मला दोन पोरं दिली, एक मी मुकाट परत केलं, दुसरं माझं आहे. तुला एकटं वाटतं, मला कळतं, मलाही वाटतं. म्हणून मी कुणाचा हात धरून ओढत नाही. सोड त्याला, नाहीतर मी मरून तिथे येईन तेव्हा तुझ्याशी बोलणार नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. घरी आले तेव्हा घसा बसला होता.

तू खेळू नकोस. अजिंक्यपद गेलं खड्ड्यात. तुम्हाला चषकच हवा असेल तर मी फॅक्टरीतला शिंपल्यांचा डबा घासून चकचकीत करून पाठवते, त्यातून दोन्ही संघांनी पाणी प्यावं. पत्र मिळताच बस पकड. धक्क्यावर अब्राम उभा राहील.

बाकी काही लिहवत नाही. ये.

तुझी,
आत्या

---

हॉलोवे कॉलेज,
ता. २७ नोव्हेंबर १९७२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्या हातचं आहे, आणि मी जिवंत आहे. आधी एवढं वाचून पाणी पी, मग पुढचं वाच.

तू बोलावलंस तरी मी आलो नाही. मी आलो असतो तर तोही आला असता, हात धरूनच. मग तुझ्या दारात तू काय केलं असतंस? मला आत घेऊन त्याला बाहेर ठेवता आलं नसतं. मला वाटलं, जे व्हायचं ते इथे होऊ दे, तुझ्या घरात नको.

सामना संपत आला होता आणि आम्ही पुढे होतो. समोरचे गोलरेषेशी येऊन ठेपले होते. एवढं अडवलं की अजिंक्यपद आमचं. पंचाने आधीच एकदा बारा माणसांचा दंड दिला होता. मी वाकलो, डावा हात गवतावर टेकला. आवाज आला, आणि तो पुन्हा बाहेरून आला, डावीकडून, अगदी पूर्वीसारखा. कुठून येतोय ते त्याने सांगितलं नाही. तो म्हणाला, शॅड, आत्या फार रागावलीय. मग जरा थांबून म्हणाला, थोडं दुखेल, बघ.

बॉल हलायच्या आधी माझ्या हातावर बूट पडला. पूर्ण वजनाने, टाच फिरवून. मी ओरडलो तेव्हाच बॉल हलला, आणि त्यांचा पळणारा माझ्यावरून उडी मारून गोलरेषेपार गेला. आम्ही हरलो. त्यांचा बँड वाजत होता आणि मी गवतात पडून रडत होतो. सगळ्यांना वाटलं हातासाठी रडतोय. थर्मनला तसं वाटलं नाही. तो माझ्या डोक्याशी बसून राहिला.

डॉक्टर म्हणाले की पंजाची हाडं मोडली आहेत आणि बुटाच्या खिळ्यांचे ठसे स्वच्छ दिसतात. ही मूठ पुन्हा पुरती वळणार नाही आणि खेळ संपला. कोचनी आज मला एकट्याला बोलावून फिल्म दाखवली. माझ्या आजूबाजूला कोणी नव्हतं. मी वाकलेला दिसतो, मग माझा पंजा गवतात रुततो. कोचनी ते पुन्हा लावलं नाही. यंत्र बंद केलं, उठून बाहेर गेले आणि हिरामच्या खणातला टॉवेल स्वतःच्या हाताने काढून घडी घातला. पुढच्या वर्षी सरावात पाणी मिळेल, असं ते मला म्हणाले. मी मान हलवली.

तो गणिताचा मास्तर हॉस्पिटलात येऊन गेला. तोच पंच होता. कुणी विचारलं नव्हतं तरी सांगून गेला की शेवटच्या गुणानंतर त्याने मोजले तेव्हा आम्ही अकराच होतो.

हात सुजलाय, ठणकतोय, आणि आत्या, गरम आहे.

तुझा लोभ मला पुरला.

तुझा,
सीफस

---

हॅगर बेट,
ता. ४ डिसेंबर १९७२

चि. शॅड यास उदंड आशीर्वाद. वि. वि.

पाणी प्यायले, मग पुढचं वाचलं, मग ओसरीत उभी राहून इतकी रडले की अब्रामची बायको धावत आली. तिला वाटलं तूही गेलास. मी तिला पत्र वाचून दाखवलं तर तीही रडायला लागली. शेवटी दोघींनी मिळून भात आणि कोळंबी खाल्ली.

रागावलीय म्हणाला? म्हणजे रोज ऐकत होता लबाड, आणि मला एकदाही ओ दिली नाही! काल मातीपाशी गेले आणि त्याला म्हटलं की आता राग नाही. बराच वेळ बसले. भरती आली, पायाशी पाणी आलं, तरी बसले. तो काही बोलला नाही. मीही मग फार बोलले नाही.

हाताचं वाईट वाटून घेऊ नकोस. एका हाताने जाळं ओढता येतं आणि एका हाताने शाळामास्तर होता येतं. कोचनी तुझी शिष्यवृत्ती शिक्षण संपेपर्यंत ठेवतो असं मला कळवलं आहे. पत्र नीट लिहिलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. देईन कधीतरी. प्लास्टर कापलं की फेकू देऊ नकोस, घेऊन ये. ते त्याला देऊ.

आता नाताळला निघशील तेव्हा एक कर. माणूस एखाद्या जागी फार रडला की त्याचा थोडा अंश तिथेच रेंगाळतो. लहानपणी चर्चच्या सहलीहून निघताना मी तुम्हाला नावाने हाका मारून चला चला म्हणायची, ती त्यासाठी. मैदानाच्या फाटकात उभा राहा आणि स्वतःला हाक मार. तुझं एकट्याचंच नाव घे. दुसरं कितीही ओठावर आलं तरी घेऊ नकोस. ते मलाही जमलं नसतं, पण तू कर.

येतोस ना? माया घेऊन ये, इथली संपत आली आहे.

तुझी,
आत्या

---

बस स्टँड,
ता. १६ डिसेंबर १९७२

ती. आत्यास सा. न. वि. वि.

हे पत्र माझ्याआधी पोचेल की मागून, ठाऊक नाही. बसला वेळ आहे म्हणून लिहितो.

थर्मन मला सोडायला येत होता. त्याला म्हटलं तू ट्रंक घेऊन पुढे हो. मैदानात कोणी नव्हतं. गवत पिवळं पडलंय, चुन्याच्या रेघा पुसल्या आहेत. डाव्या टोकाची जागा मला लगेच दिसली नाही, शोधावी लागली.

मी फाटकात उभा राहिलो आणि तू सहलीला मारायचीस तशी हाक मारली. शॅड, चल. एकदाच मारली. दुसरं नाव ओठांपर्यंत आलं होतं, ते मी दात आवळून आत ठेवलं. मग थांबलो. मी आलो, आत्या. माझं मला कळलं. माझ्यामागून कोणी आलं नाही.

फाटक लावायला मला फार वेळ लागला.

लोभ आहेच. निघालो.

तुझा,
शॅड